दगड झालेलं दाढीचं क्रीम पुन्हा मऊ करायचं तर

निवृत्त झाल्यावर बाबांनी दाढी राखली आणि न्हाणीघरातल्या त्यांच्या फळीवरचा खजिना माझ्याकडे आला. एक जुना ब्रश, क्रीमच्या दोन ट्यूब, आणि आत्याने कधीतरी लंडनहून आणलेली, सीलही न काढलेली १५० ग्रॅमची डबी. पहिली ट्यूब दाबली तर काहीच येईना. आणखी जोर लावला तेव्हा तळाची दुमड उकलली आणि खडूसारखा एक तुकडा फरशीवर पडून टक्कन वाजला.

मी तो वाटीत घेतला, वर अर्धी वाटी कढत पाणी ओतलं आणि चमच्याने ढवळत बसलो. खाली गुठळ्या, वर ताकासारखं पांढरं पाणी. तसंच बाटलीत भरून ठेवलं, तर दहा-बारा दिवसांत कडेला काळे ठिपके आले. उताविळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. दुसरी ट्यूब आणि डबी मात्र वाचली. डबीला चार-पाच दिवस लागले आणि पाणी लागलं ते चमच्या-चमच्याने.

क्रीम घट्ट का होतं

ब्रशने फेस करायचं दाढीचं क्रीम म्हणजे मुळात साबणच. स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल तेलातली आम्लं यांची अल्कलीशी गाठ घातली की साबण होतो. अल्कली सोडियमची असेल तर साबण वडीसारखा कडक होतो, पोटॅशियमची असेल तर मऊ. क्रीममध्ये पोटॅशियमचा वाटा जास्त ठेवतात, वर भरपूर पाणी आणि थोडं ग्लिसरीन घालतात. वेष्टनावरच्या यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. त्यात पाणी बहुतेक पहिलं किंवा दुसरं दिसेल.

टोपण सैल राहिलं, झाकणाची रबरी चकती वाळली, की हे पाणी हळूहळू उडून जातं. लातूरसारख्या ठिकाणी एक उन्हाळा त्याला पुरतो. कोकणात हवेतच ओल असल्याने क्रीम इतक्या लवकर वाळत नाही, तिथली भीती बुरशीची.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पाणी उडतं, ग्लिसरीन उडत नाही. त्याचा उत्कलनबिंदू २९० अंश सेल्सिअस आहे, न्हाणीघरात ते कुठे जाणार? म्हणजे वाळलेल्या क्रीममध्ये ग्लिसरीन जवळपास पूर्वीइतकंच शिल्लक असतं. तरी ‘क्रीम सुकलं? ग्लिसरीन घाला’ हा सल्ला जो तो देतो. मला तो अर्धवट वाटतो. गेलंय पाणी, तर परत द्यायचं तेही मुख्यतः पाणीच. ग्लिसरीन जास्त झालं की फेस चिकट आणि विरळ होतो.

आधी बघा, हे क्रीम कोणत्या जातीचं आहे

सगळीच क्रीम मऊ करता येत नाहीत. यादीत स्टिअरिक ॲसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड वरच्या भागात असेल, ‘ब्रश’ किंवा ‘लॅदर’ (म्हणजे फेस) असा उल्लेख असेल, तर ते साबणाच्या जातीचं, म्हणजे आपल्या कामाचं. आपल्याकडच्या किराणा दुकानात मिळणाऱ्या ब्रशवाल्या ट्यूब याच प्रकारच्या.

ब्रशशिवाय बोटांनी लावायचं क्रीम वेगळं. अमेरिकेत १९२५ साली आलेलं बर्मा-शेव्ह त्या जातीचं. ते स्नो किंवा कोल्ड क्रीमचं भावंड, तेल आणि पाणी एकमेकांत घोटून केलेलं. हे फाटलं की फाटलं. तेल वेगळं आणि पाणी वेगळं दिसायला लागलं तर ते घरी जुळवण्याच्या नादी लागू नका. फवाऱ्याच्या डब्यातला फोम तर विषयाबाहेरच. त्या डब्यात दाबाखालचा ज्वालाग्राही वायू असतो. भोक पाडायचं नाही, तापवायचं नाही, संपला नसला तरी चालत नसेल तर जाऊ द्यायचा.

आणखी एक घोटाळा नवशिके हमखास करतात. काही क्रीम जन्मतःच घट्ट असतात. मिलानमध्ये १८९९ साली सुरू झालेल्या चेला या ब्रँडचा कडू बदामाच्या वासाचा साबण खव्यासारखा असतो. बोटाने दाबला तर दबतो, पण ओघळत नाही. तो वाळलेला नसतो, तसाच असतो. त्यात पाणी घातलंत तर चांगली वस्तू बिघडवून बसाल.

टाकून कधी द्यायचं

वास घ्या. जुन्या फरसाणाला किंवा तळणीच्या तेलाला येतो तसा खवट वास आला तर पुढे वाचायची गरज नाही. पिवळसर किंवा नारिंगी डाग दिसले तरी तेच, आतला तेलाचा अंश खवट झालेला असतो. काळे-हिरवे ठिपके, केसाळ थर म्हणजे बुरशी. वरचा थर काढून खालचं वापरू, असा विचारही नको. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, आणि हे ब्लेडने खरवडलेल्या कातडीवर लागणार आहे.

नुसता सुगंध कमी झाला असेल तर मात्र काळजी नको. लिंबू-संत्र्याचा वास सगळ्यात आधी उडतो, चंदन-कस्तुरीचा टिकतो. माझ्या डबीतलं लिंबू कधीच गेलं होतं, मागे कुठेतरी लाकडासारखा वास राहिला होता. मला तो आवडतो.

तारखेचं म्हणाल, तर वेष्टनावर ‘अमुक महिन्यांच्या आत वापरा’ असं असतं, किंवा उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात १२ किंवा २४ हा आकडा असतो. तो उघडल्यानंतरच्या महिन्यांचा. तारीख उलटून पाच-सात वर्षं झाली असतील तर क्रीम मऊ करून बघायची हौस भागवा, पण चेहऱ्याला लावू नका. आणि आजोबा-पणजोबांच्या काळातली धातूची ट्यूब सापडली तर ती आठवण म्हणून जपा. पिळायची ट्यूब १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगांसाठी काढली. ती कथिलाची होती. पुढे दंतमंजन आणि क्रीम तिच्यात आले, आणि जुन्या ट्यूबमध्ये शिसंही वापरलं जाई.

काय काय लागेल

स्टीलची किंवा काचेची घट्ट झाकणाची डबी. ॲल्युमिनियमची नको, साबण अल्कलीधर्मी असतो आणि ॲल्युमिनियमला खातो. पितळी भांड्यात ताक कळकतं ना, तसाच प्रकार समजा. एक स्टीलचा चमचा. चहाचा लहान चमचा मापाला, म्हणजे ५ मिली. जुनी किसणी असेल तर उत्तम, पण ती परत स्वयंपाकघरात गेली तर घरात काय होईल ते मी सांगायला नको. औषधाच्या दुकानात मिळणारं साधं ग्लिसरीन. वजनाचा डिजिटल काटा असेल तर फारच छान.

आणि पाणी. बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी जुळून न विरघळणारा चोथा करतात. बादलीच्या कडेला जमते ना करड्या रंगाची साय, तीच. शाळेत याला दुष्फेन पाणी म्हणायचे. आरओचं पाणी उकळून, झाकून, गार केलेलं घ्या. उकळायचं जंतूंसाठी. क्रीममध्ये टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्यं वर्षानुवर्षांत थकलेली असतात, आणि वरून पाणी घातलं की आणखी पातळ होतात. माझ्या पहिल्या बाटलीत ठिपके आले ते याच कारणाने.

फक्त तोंड चोंदलं असेल तर

पुष्कळदा आतलं क्रीम ठीक असतं आणि नळीच्या तोंडाशी वाळलेली गुठळी बसलेली असते. टोपण काढा, टूथपिकने ती गुठळी फिरवून बाहेर काढा. ढकलून आत घालू नका. टोपण लावून ट्यूब कोमट पाण्याच्या मगात दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा. मग दोन्ही तळव्यांत धरून कणकेसारखी मळा, खालून वर, वरून खाली. पहिला सेंटिमीटरभर भाग टाकून द्या. झालं काम.

धातूची ट्यूब असेल तर हळू हाताने. तिला एकाच जागी चार वेळा दुमडलं की चीर जाते.

पूर्ण ट्यूब किंवा डबी वाळली असेल तर

१. क्रीम बाहेर काढा. प्लॅस्टिकची ट्यूब तळाशी कात्रीने कापून उभी चिरली की पुस्तकासारखी उघडते. धातूच्या ट्यूबच्या कडा ब्लेडसारख्या असतात, कापताना जाड फडकं धरा. डबीतलं क्रीम चमच्याच्या टोकाने खरवडून काढा.

२. वजन करा. डबी कधी उघडलीच नसेल तर हा टप्पा सोन्यासारखा आहे. वेष्टनावर निव्वळ वजन छापलेलं असतं, आता किती भरतंय ते बघायचं. जो फरक पडतो तो उडून गेलेल्या पाण्याचा. माझ्या १५० ग्रॅमच्या डबीत ११८ ग्रॅम निघालं, म्हणजे ३२ ग्रॅम पाणी गेलं होतं. पण सगळं परत घालायचं नाही. दोन तृतीयांशाच्या आसपास थांबायचं, कारण थोडं घट्ट राहिलेलं क्रीम चालतं, सैल झालेलं चालत नाही. कणीक सैल झाली तर वर पीठ लावता येतं. इथे लावायला पीठ नाही.

वापरलेली ट्यूब असेल तर हा हिशेब जमणार नाही. तिथे नजरेचाच अंदाज.

३. बारीक करा. किसा, किंवा सुरीने हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा. तुकडा जितका लहान तितकं पाणी आत लवकर पोचतं. हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून लोक टाळतात आणि मग आठवडाभर गुठळ्या मोडत बसतात.

४. ५० ग्रॅम क्रीमला एक लहान चमचा पाणी. एका जागी ओतू नका, सगळीकडे शिंपडा. चमच्याच्या पाठीने दाबा, झाकण लावा आणि रात्रभर विसरा. सकाळी उघडल्यावर वरचा भाग चिकट आणि आतला कोरडा दिसेल. वाटेल की पाणी कमी पडलं. पडलेलं नसतं, ते अजून वाटेत असतं. नुसतं दाबून, उलटं-पालटं करून पुन्हा झाका.

५. दुसऱ्या रात्री आणखी एक चमचा. असं तीन-चार दिवस, पण वजनाचा हिशेब जमला असेल तर एकूण पाणी त्याच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. मधल्या वेळात जाता-येता चमच्याने चुरडायचं. चक्क्याचं श्रीखंड करताना जसं डब्याच्या कडेला घासत फेटतो, तसंच, पण हवा न भरता. जोरात फेटलंत तर क्रीम फुगेल, डबीत मावणार नाही आणि आत बुडबुडे राहतील.

६. ग्लिसरीन घालायचं तर शेवटच्या दिवशी, ५० ग्रॅमला पाव चमचा. ते सक्तीचं नाही. पुढे पाणी उडायचा वेग थोडा कमी होतो, एवढाच त्याचा उपयोग.

थांबायचं कधी? चमचा उलटा धरल्यावर क्रीम चमच्याला चिकटून राहतं आणि बोट लावलं की टोक उभं राहतं, तेव्हा. घट्ट श्रीखंडाइतकं झालं की पुरे. बासुंदी झाली तर हुकलं.

गुठळ्या हटेनात तर थोडी ऊब

गार पाण्यावर काम होत नसेल तरच. पातेल्यात पाणी तापवून गॅस बंद करा. पाणी साधारण ६० अंशांचं, म्हणजे बोट बुडवलं तर लगेच काढावंसं वाटेल इतपत. त्यात झाकण लावलेली डबी पंधरा मिनिटं ठेवा, मग काढून गुठळ्या चुरडा. लागल्यास पुन्हा. थेट गॅसवर नको. मायक्रोवेव्हमध्येही नको, तिथे आतलं पाणी एकाएकी उकळून क्रीम भिंतींवर उडतं आणि उरलासुरला सुगंधही जातो.

गरम असताना क्रीम सैल दिसतं, त्याला भुलू नका. पिठलं कढईत पातळ असतं आणि ताटात येईस्तोवर घट्ट होतं, तसंच हे. पाणी अजून घालायचं की नाही ते पूर्ण निवल्यावर, खरं तर दुसऱ्या दिवशी ठरवा.

काय घालू नये

आपल्याकडे घरगुती उपायांची हौस दांडगी, म्हणून हे वेगळं लिहितो. लिंबू पिळू नका. आम्ल साबण फोडतं, मग आतली मेदाम्लं सुटी होऊन मेणासारख्या कण्या तरंगतात आणि फेस कायमचा जातो. व्हिनेगरचंही तेच. खोबरेल तेल घातलं की फेस बसतो. गुलाबपाणी ऐकायला छान वाटतं, पण बाटलीत काय असेल आणि किती टिकेल याचा भरवसा नाही. घरच्या कोरफडीचा गर तर बुरशीला जेवणाचं आमंत्रणच. दुसऱ्या कंपनीचं ताजं क्रीम मिसळून जुनं ‘ताजं’ करायचा प्रयोग मी केलाय. नुकसान काही झालं नाही, पण दोन सुगंधांचं भांडण दाढीभर चाललं होतं.

चेहऱ्याआधी हातावर

कोपराच्या आतल्या बाजूला थोडा फेस लावा, दोन-तीन मिनिटांनी धुवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बघा. लाली, खाज, आग यांपैकी काही झालं तर विषय संपला.

मग फेसाची परीक्षा. ब्रश भिजवून नीट झटका. हरभऱ्याएवढं क्रीम वाटीत घेऊन घोळवा, पाणी थेंबाथेंबाने वाढवा. चांगला फेस सायीसारखा दाट येतो आणि त्यात सुटे बुडबुडे दिसत नाहीत. कपड्यांच्या पावडरीसारखा भसाभसा फेस आला आणि गालावर लावताच बसला, तर डबीत किंवा ब्रशमध्ये पाणी जास्त झालंय. आधी ब्रशला दोष द्या, तो कोरडा करून पुन्हा बघा. डबीतच जास्त झालं असेल तर झाकण काढून वर स्वच्छ फडकं बांधा आणि एक-दोन दिवस सावलीत ठेवा. फेसच येत नसेल तर आरओच्या पाण्याने एकदा करून बघा. बऱ्याचदा गुन्हेगार नळ असतो.

काहीच न करण्याचा मार्ग

हे सगळं वाचून दमला असाल तर सोपा उपाय सांगतो, आणि खरं म्हणजे निम्म्या लोकांनी हाच करावा. क्रीम मऊ करूच नका. वाळलेले तुकडे एका पसरट वाटीत अंगठ्याने दाबून बसवा, फटी राहू देऊ नका. आता तो दाढीचा साबण झाला. गोल साबणाच्या डबीवर पूर्वी ब्रश घासायचे, तसाच ओला ब्रश त्याच्यावर अर्धा मिनिट फिरवा आणि फेस गालावर करा. दाढी झाली की वरचं पाणी ओतून वाटी उघडी वाळू द्या. इथे पाणी कधीच फार वेळ राहत नाही, म्हणून बुरशीचीही भीती कमी. दुसरी ट्यूब मी अशीच संपवली, आणि डबीपेक्षा तिने सुख जास्त दिलं असं आता वाटतं. फक्त प्रवासाला ही वाटी नेता येत नाही.

मऊ केलेलं क्रीम ठेवायचं कसं

सगळं एकदम मऊ करू नका. महिनाभर पुरेल तेवढंच करा, बाकीचं कोरडं, झाकून ठेवा. कोरडं क्रीम वर्षभर तसंच राहतं, ओलं केलेलं राहत नाही. डबीत ओला ब्रश किंवा ओलं बोट घालू नका, कोरड्या चमच्याने काढा. झाकणाच्या आत दुधाच्या पिशवीचा स्वच्छ, कोरडा तुकडा दाबून लावला की हवा बंद होते. डबी न्हाणीघरात न ठेवता बाहेर, सावलीत. वर चिकटपट्टी लावून मऊ केल्याची तारीख लिहा. ‘लक्षात राहील’ म्हणून मी एकदा लिहिली नाही, आणि डबी मार्चची की मेची यावर घरात मतदान झालं.

चेहऱ्याला नको असं ठरवलेलं, पण बुरशी न लागलेलं क्रीम उरलं असेल तर ते न्हाणीघरातल्या आरशाला लावा. वाटाण्याएवढं ओलं करून आरशावर पातळ पसरायचं आणि कोरड्या फडक्याने डाग जाईपर्यंत पुसायचं. काही दिवस तरी गरम पाण्याच्या वाफेने आरसा धुरकट होत नाही.